इंग्लंडातल्या घरात बॉयलर काढून हीट पंप: भरवसा कोणावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रेडिंगजवळ 1930 च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, 14 वर्षांचा कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही टाकीविना तापवणारा), वर्षाला साधारण 14,000 युनिट (किलोवॉट-तास) गॅस. सरकार हीट पंपासाठी, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणाऱ्या यंत्रासाठी, 7,500 पौंड देतंय. शेजारी म्हणतो हीट पंपाने बिल वाढलं, ऑफिसातला सहकारी म्हणतो कमी झालं, नेहमीचा बॉयलरवाला म्हणतो जुन्या घराला हे चालणारच नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात सासूबाई भारतातून येणार आहेत. या गोंधळात विश्वास ठेवायचा कोणावर?

घराच्या कोणत्या भिंतीतून किती उष्णता बाहेर जाते ते मोजणं, त्यावरून रेडिएटर (गरम पाणी खेळवून खोली तापवणारे) आणि पाइप ठरवणं, आणि हीट पंप बसल्यावर पुढची दोन-तीन वर्षं त्याचे आकडे बघणं हे माझं काम. त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचा शेजारी आणि तुमचा सहकारी, दोघंही बहुधा खरं बोलताहेत. बॉयलरवाला मात्र अर्धंच खरं बोलतोय.

हिशोब करून बघू. 14,000 युनिट गॅस जाळला आणि बॉयलर 85 टक्के कार्यक्षम धरला, तर घरात उष्णता आली सुमारे 12,000 युनिट. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीत ऊर्जा नियामक ऑफजेमने घातलेली कमाल मर्यादा गॅसला युनिटमागे 6.29 पेन्स आणि विजेला 26.35 पेन्स होती. म्हणजे वीज गॅसच्या चौपटीहून महाग. गॅसचं वर्षाचं बिल झालं सुमारे 880 पौंड. त्यात गॅसचा स्थिर आकार, दिवसाला 34 पेन्स म्हणजे वर्षाला 120 पौंडांच्या पुढे, मिळवा. एकूण साधारण 1,005 पौंड.

आता हीट पंप. एक युनिट वीज घालून तो वर्षभराच्या सरासरीने किती युनिट उष्णता देतो, हा सगळ्या भांडणाच्या मुळाशी असलेला आकडा. तो 2.8 असेल तर तेवढ्याच उष्णतेला वीज लागेल 1,130 पौंडांची. 3.5 असेल तर 900 ची. 4 असेल तर 790 ची. घर तेच, थंडी तीच, यंत्रही कदाचित त्याच कंपनीचं. पण एका घरात वर्षाला सव्वाशे पौंड जास्त जातात आणि दुसऱ्यात दोनशेहून जास्त वाचतात. शिवाय स्वयंपाकाचा गॅस ठेवला तर स्थिर आकार चालूच राहतो, हे बहुतेक जाहिरातींत नसतं. उलट, हीट पंपासाठीचे वेळेनुसार बदलणारे दर घेतले तर बिल आणखी खाली येतं, हे शेजाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

2.8 हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. सरकारच्या पैशाने झालेल्या ‘इलेक्ट्रिफिकेशन ऑफ हीट’ प्रकल्पात न्यूकासल, दक्षिण-पूर्व स्कॉटलंड आणि इंग्लंडचा दक्षिण-पूर्व भाग इथल्या 742 घरांत हीट पंप बसवून मोजमाप केलं. व्हिक्टोरियन घरं होती, तुमच्यासारखी दोन महायुद्धांमधली होती, फ्लॅटही होते. निष्कर्ष दोन. पहिला, असा एकही घराचा प्रकार सापडला नाही की ज्यात हीट पंप बसवताच येत नाही. दुसरा, हवेवर चालणाऱ्या पंपांची मधली कामगिरी 2.8 च्या आसपास होती, आणि चांगल्या व वाईट घरांत अंतर मोठं होतं. पहिला निष्कर्ष मंत्र्यांनी भाषणात घेतला, दुसरा वर्तमानपत्रांनी मथळ्यात घेतला, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं ते अंतर कोणाच्याच वाट्याला आलं नाही. ‘हीटपंपमॉनिटर’ या संकेतस्थळावर शेकडो घरांचे चालू आकडे उघड दिसतात. तिथे 4 च्या आसपासची घरं भरपूर आहेत. ती बहुतांशी हौशी आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या मंडळींची आहेत, हे लक्षात ठेवून बघा. पण 4 शक्य आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

हे अंतर पडतं कुठे? मुख्यतः रेडिएटरमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या तापमानात. बॉयलर मोठ्या ज्योतीवर खडखडून उकळी आणून बंद करतो, पुन्हा पेटवतो. हीट पंपाला मंद आचेवर तासन् तास ठेवायचं असतं. पाणी 55 अंशांऐवजी 40 वर चाललं तर त्याच विजेत बरीच जास्त उष्णता मिळते. ढोबळमानाने दर अंशामागे दोन-अडीच टक्के. पण 40 अंशांच्या पाण्याने खोली गरम व्हायची तर रेडिएटर मोठे हवेत, पाइपातून प्रवाह पुरेसा हवा आणि पंप घराच्या मापाचा हवा. हे सगळं कोणीतरी बसून मोजावं लागतं. मोजायला वेळ लागतो, वेळेचे पैसे लागतात, आणि दिवसाला तीन कोटेशन देणाऱ्या विक्रेत्याकडे तो वेळ नसतो. मग ‘सुरक्षित’ म्हणून 11 किलोवॉटचा पंप, वर 55 अंशांची सेटिंग, मध्ये एक बफर टाकी (गरम पाण्याची जादा टाकी), आणि काम संपलं. घर गरम होतं, म्हणून तक्रार येत नाही. बिल येतं तेव्हा इन्स्टॉलर दुसऱ्या गावात असतो.

तुमच्या बॉयलरवाल्याबद्दल. त्याच्यावर रागावू नका. या देशात लाखाहून जास्त गॅस इंजिनिअर आहेत आणि हीटिंगच्या बाबतीत लोक मंत्र्यांपेक्षा, शास्त्रज्ञांपेक्षा त्यांच्यावरच विश्वास ठेवतात, कारण जानेवारीत रात्री आठला घर गार पडलं की फोन उचलणारा माणूस तोच असतो. त्याने हीट पंप शिकायचा म्हणजे कामाचे दिवस आणि पैसे घालवायचे, प्रमाणपत्राची कागदपत्रं सांभाळायची, आणि एवढं केल्यावर सरकारचं धोरण टिकेल याची खात्री नाही. ही भीती खोटी नाही. 2013 मध्ये ‘ग्रीन डील’ आलं: घर सुधारा, कर्ज बिलातून फेडा. 2015 मध्ये गुंडाळलं तेव्हा कर्ज घेतलेली घरं होती फक्त 14,000 च्या घरात. सप्टेंबर 2020 मध्ये ‘ग्रीन होम्स ग्रँट’ आली, 1.5 अब्ज पौंड, सहा लाख घरांचं उद्दिष्ट. मार्च 2021 मध्ये बंद. हिशेब तपासनिसांच्या अंदाजाने पोचली सुमारे 47,500 घरांपर्यंत. त्या सहा महिन्यांसाठी माणसं नेमलेल्या छोट्या फर्मांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. मग 20 सप्टेंबर 2023 ला तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी ग्रामीण भागातल्या नव्या तेल-बॉयलरवरच्या बंदीची 2026 ची मुदत 2035 पर्यंत ढकलली आणि गॅस बॉयलरसाठीची 2035 ची अट सैल केली. ज्यांनी आधीच्या घोषणेवर भरवसा ठेवून प्रशिक्षण घेतलं होतं ते शहाणे ठरले की वेडे?

घरमालकांचा अनुभव याहून कडू आहे. 2013 साली प्रेस्टनच्या फिशविक भागात साडेतीनशेहून जास्त घरांना सरकारी योजनेतून बाहेरून इन्सुलेशन (भिंतीतली उष्णता अडवणारं आवरण) लावलं. काम इतकं वाईट झालं की भिंतीत पाणी शिरलं, आत बुरशी आली, आणि रहिवासी वर्षानुवर्षं जबाबदार कोण हे शोधत राहिले. तो धडा 2013 चा. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अलीकडच्या योजनांचा अहवाल दिला: बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती लागण्याजोगे दोष, आतून केलेल्यांत 29 टक्के. अठ्ठ्याण्णव! एवढ्या प्रमाणात चूक व्हायला मुद्दाम प्रयत्न करावा लागतो. आणि ही कामं प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांच्या नावावर झालेली होती.

हे वाचल्यावर ‘लोकांचं प्रबोधन कमी पडतंय’ असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. लोक अडाणी नाहीत. एल्समिअर पोर्टजवळच्या व्हिटबी गावात हायड्रोजनवर घरं तापवण्याचा प्रयोग करायचा ठरलं तेव्हा रहिवाशांनी नेमके प्रश्न विचारले: सुरक्षेचं काय, प्रयोग संपल्यावर बिल कोण भरणार, आमच्या गावाची निवड कोणी केली आणि आम्हाला कधी विचारलं? उत्तरं पटली नाहीत, विरोध वाढला, आणि जुलै 2023 मध्ये प्रयोग रद्द झाला. त्याच वर्षाच्या शेवटी रेडकार गावातला तसाच प्रयोगही रद्द झाला. माझ्या मते गावकरी बरोबर होते. घरं तापवायला हायड्रोजन हा महागडा आणि वाया जाणारा मार्ग आहे. पण तंत्रज्ञान चांगलं असतं तरी त्या पद्धतीने ते कोणी स्वीकारलं नसतं.

तुमचे कोणी नातेवाईक जर्मनीत असतील तर त्यांना विचारा. तिथे 2023 च्या फेब्रुवारीत नव्या हीटिंग कायद्याचा मसुदा फुटला. मदतीचे आकडे आणि सवलती ठरायच्या आधीच ‘बॉयलर काढून नेणार’ अशी हवा झाली. ‘बिल्ड’ या दैनिकाने महिनोन् महिने तो विषय तापता ठेवला. कायदा शेवटी सप्टेंबरमध्ये मंजूर झाला, बराच सैल होऊन. 2023 मध्ये तिथे सुमारे 3,56,000 हीट पंप विकले गेले होते, 2024 मध्ये 1,93,000. बंदी येण्याआधी गॅस बॉयलर बसवून घेण्यासाठी मात्र लोकांनी रांगा लावल्या.

याच इंग्लंडात उलटं उदाहरणही आहे आणि ते कोणी फारसं सांगत नाही. पूर्वी घरात येणारा गॅस कोळशापासून बनवलेला असे. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, 1966 मध्ये कॅन्व्ही आयलंडवर चाचणी झाली, आणि 1967 ते 1977 या दहा वर्षांत देशभर गल्लीगल्लीने बदल केला. सव्वा कोटीहून जास्त ग्राहक, चार कोटींच्या आसपास उपकरणं. प्रत्येक शेगडीचा, प्रत्येक गीझरचा बर्नर बदलला. तेव्हाही तक्रारी होत्या, अपघातांची भीती होती, 1970 मध्ये प्राध्यापक फ्रँक मॉर्टन यांनी सुरक्षिततेची चौकशीही केली. पण तीन गोष्टी होत्या. ग्राहकाच्या खिशातून पैसे जात नव्हते. काम करणारी आणि जबाबदारी घेणारी संस्था एकच होती, सरकारी गॅस बोर्ड. आणि काही बिघडलं तर त्याच संस्थेचा माणूस परत येत असे. आज तुमच्याकडे येणाऱ्या कागदावर एमसीएसचा (हीट पंप बसवणाऱ्यांचं प्रमाणपत्र) शिक्का असेल, ट्रस्टमार्कचा (घरदुरुस्तीच्या दर्जाची खूण) असेल, ग्राहकसंहितेचा असेल, उत्पादकाची वॉरंटी असेल, हमीचा विमा असेल. शिक्के भरपूर, पण बिघाड झाला की इन्स्टॉलर उत्पादकाकडे बोट दाखवतो, उत्पादक ‘इन्स्टॉलेशन नीट झालं नाही’ म्हणतो, आणि प्रमाणपत्र देणारे फॉर्म पाठवतात.

विजेच्या दरातही भरवशाचा तोच प्रश्न. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात विजेच्या बिलावरच्या जुन्या हरित अनुदानाचा तीन-चतुर्थांश भार एप्रिल 2026 पासून सरकारी तिजोरीवर घ्यायचं ठरलं. निर्णय योग्य आहे, उशिरा आला. पण मुदत तीन वर्षांची, आणि हीट पंप बसवणारा माणूस पंधरा-वीस वर्षांचा विचार करतो. मला विचाराल तर जाहिरातींवरचा सगळा खर्च थांबवून आधी गॅस आणि वीज यांच्या दरांतलं अंतर कायमचं कमी करावं. वीज गॅसच्या अडीच-तीन पट झाली की मध्यम दर्जाचं कामही खपून जातं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत चांगलं बोललं जातं.

हे झालं देशाचं. तुमच्या घराचं बघू.

शब्दावर भरवसा ठेवू नका, मोजता येईल तेवढंच माना. पहिली गोष्ट फुकट आहे. गॅसचा वर्षाचा वापर 2,900 ने भागा. दक्षिण इंग्लंडातल्या घराला कडाक्याच्या थंडीत किती किलोवॉट लागतील याचा ढोबळ अंदाज येतो. तुमचं उत्तर पाचच्या आत येतं. घर दिवसभर तापवत नसाल तर सहा धरा. कोणी 11 किलोवॉटचं कोटेशन देत असेल तर ‘का’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तरात खोल्यांची नावं आली तर ऐका. ‘आम्ही नेहमी थोडा मोठाच लावतो’ असं आलं तर चहा देऊन निरोप द्या.

दुसरी गोष्टही फुकट. थंडी पडली की बॉयलरचं फ्लो टेंपरेचर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) 50 अंशांवर आणा आणि हीटिंग सकाळ-संध्याकाळऐवजी दिवसभर चालू ठेवून बघा. तुमचा कॉम्बी असल्यामुळे यात नळाच्या गरम पाण्याचा संबंध येत नाही. ज्यांच्याकडे साठवणीची टाकी आहे त्यांनी टाकीचं पाणी 60 अंशांच्या खाली आणू नये. आठवडाभर ज्या खोल्या तापल्या त्यांचे रेडिएटर ठीक आहेत, ज्या गार राहिल्या तिथे मोठे लागतील. हा प्रयोग इन्स्टॉलरच्या कोणत्याही वाक्यापेक्षा खरा. आणि हीट पंप नाही घेतला तरी थोडा गॅस वाचेल, कारण परतीचं पाणी 55 अंशांच्या खाली असलं तरच कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) त्याच्या नावाप्रमाणे काम करतो. 2005 मध्ये हे बॉयलर सक्तीचे झाले तेव्हा लोकांनी त्यांनाही शिव्या घातल्या होत्या. डिसेंबर 2010 च्या गारठ्यात त्यांचे निचऱ्याचे पाइप गोठून घरंच्या घरं गार पडली होती. आज तोच बॉयलर ‘जुना भरवशाचा’ झालाय.

इन्स्टॉलरकडून लेखी मागा: खोलीनिहाय उष्णताहानीचा हिशोब, बाहेर शून्याच्या आसपास असताना पाण्याचं ठरवलेलं तापमान (45 च्या वर असेल तर कारण), बाहेरच्या हवेनुसार ते तापमान आपोआप बदलेल अशी जोडणी, आणि वेगळा वीज व उष्णता मीटर. शेवटच्यावर अडून बसा. मीटर असला की पहिल्या हिवाळ्यानंतर वाद शिल्लक राहत नाही, आकडा 3.5 चा कबूल केला आणि 2.7 आला तर परत बोलवायला तुमच्या हातात काहीतरी असतं. त्याने दोन वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर दाखवायला सांगा. नेस्टा या संस्थेने ‘व्हिजिट अ हीट पंप’ म्हणून सोय केली आहे, हीट पंप असलेले लोक आपल्या घरी येऊ देतात. जा, आणि बिल बघायला मागा. आपल्या लोकांना असं विचारताना संकोच वाटतो. विचारा, इंग्रज या विषयावर फार आनंदाने बोलतात.

7,500 पौंडांचा अर्ज इन्स्टॉलर करतो आणि रक्कम त्याच्या बिलातून वजा होते. ‘आधी तुम्ही पूर्ण भरा, नंतर सरकारकडून मिळेल’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा. दारावर येऊन ‘सरकारी योजना, आजच सही’ म्हणणाऱ्यांना दारातच ठेवा.

आवाजाची काळजी शेजाऱ्यांपुरती: नियमाप्रमाणे त्यांच्या खिडकीपाशी आवाज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसायला हवा आणि तो हिशोबही लेखी मिळतो. हद्दीपासून एक मीटर अंतराची जुनी अट इंग्लंडात मे 2025 पासून नाही. टाकीची जागा मात्र आत्ताच ठरवा. कॉम्बीला टाकी लागत नव्हती, हीट पंपाला लागते. बहुतेक घरांत कपड्यांचं एक कपाट जातं आणि त्यावरून घरात जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

आता सासूबाई. हा प्रश्न तुम्ही जरा लाजत विचारलाय, पण माझ्याकडे येणारे निम्मे फोन याचेच असतात. आपल्याकडची मंडळी बाहेरून आली की आधी रेडिएटरला हात लावतात. बॉयलरच्या घरात चटका बसतो, हीट पंपाच्या घरात तो कोमट लागतो, आणि ‘अहो, हे चालू आहे का?’ सुरू होतं. मग कोणीतरी सेटिंग 60 वर नेतं, थर्मोस्टॅट 25 वर, रात्री ‘बचत’ म्हणून सगळं बंद, सकाळी पुन्हा चालू, आणि महिनाअखेर बिल शेजाऱ्यासारखं. वयस्कर माणसाला 21–22 अंश लागतात, त्यात गैर काही नाही. तेवढं धरूनच डिझाइन करून घ्या, आणि त्यांच्या खोलीचा रेडिएटर एक माप मोठा लावा. मग भिंतीवर एक साधा थर्मामीटर टांगा आणि त्यांना रेडिएटरऐवजी तो बघायला सांगा. रात्री बंद करायचं नाही, फार तर दोन अंश खाली.

बॉयलर 14 वर्षांचा आहे, म्हणजे तो बंद पडेल तेव्हा जानेवारी असेल आणि तुम्ही घाईत मिळेल तो नवा बॉयलर बसवाल. बहुतेकांचा निर्णय असाच होतो. म्हणून कोटेशन एप्रिल-मेमध्ये घ्या, तीन घ्या. तिघांपैकी एकानेही खोलीनिहाय हिशोब दिला नाही, तर हीट पंप यंदा घेऊ नका. बॉयलरची सर्व्हिस करा, 50 अंशांवर चालवा, लॉफ्टचं (छपराखालच्या माळ्याचं) इन्सुलेशन वाढवा, जे मोठे रेडिएटर पुढे लागणारच आहेत ते आत्ता बसवून घ्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारा. एकाने दिला, तर तो हिशोब मला पाठवा. आकडे एकदा नजरेखालून घालतो.